गोठ्यातली शाळा

सविता मालपोटेने आपल्या शाळेचं नाव ठरवायच्या आधीच औंढे गावाने ते ठरवून टाकलं होतं. गोठ्यातली शाळा. त्यात खोटं काही नव्हतं. मागच्या वर्षी तिच्या सासूने, नंदाबाईंनी, शेवटची गाय विकली आणि घराला लागून असलेला गोठा रिकामा पडला. सविताने त्याला आतून गिलावा केला, फरशी घातली, पत्र्याखाली छत ठोकून घेतलं. गव्हाण तेवढी फोडली नाही. ती लहान पोरांच्या बरोबर कमरेला येत होती, म्हणून तिच्यात वाळू भरली. गव्हाणीत वाळू बघून नंदाबाई काही दिवस सुस्कारे टाकत राहिल्या, मग त्यांनाही सवय झाली.

सविताचं माहेर कार्ल्याचं. बारावीनंतर तिने बालवाडीचा कोर्स केला, औंढ्याच्या अमृतशी लग्न झालं, आणि अमृत उर्से टोलनाक्यावर पाळ्या करायला लागला तेव्हा ती लोणावळ्यातल्या एका इंग्लिश नर्सरीत टीचर म्हणून लागली. उमेदीची सगळी वर्षं तिने तिथे काढली. मुलगा गौरव त्याच काळात वाढून तळेगावला कॉलेजात गेला. नोकरी वाईट नव्हती. मॅडम पगार वेळेवर द्यायच्या, दिवाळीला साडी द्यायच्या. फक्त दरवर्षी पालकदिन जवळ आला की सगळ्या टीचर गोल करून बसायच्या आणि पोरांची चित्रं पुरी करायच्या. पोराने अर्धं रंगवलेलं सफरचंद टीचरने भरायचं, रेघेबाहेर गेलेलं खोडायचं आणि खाली पोराचं नाव घालायचं. या कामात सविताचा हात फार साफ होता. मॅडम तिच्याकडे मुद्दाम जास्त चित्रं द्यायच्या.

एका पालकदिनाला एक मुलगी स्वतःचं नाव लिहिलेल्या सफरचंदासमोर उभी राहिली आणि आईला म्हणाली, "हे माझं नाहीये." आईने हसून तिचा चित्रासकट फोटो काढला. सविता त्या नोकरीतून मनाने उठली ती त्या दिवशी. प्रत्यक्षात सुटायला आणखी दोनएक वर्षं गेली, कारण मन उठलं म्हणून घरखर्च थांबत नाही.

आपल्या शाळेत काय करायचं ते तिच्या डोक्यात पक्कं होतं. तीन ते पाच वर्षांच्या पोरांना लिहायला बसवायचं नाही. त्यांनी पाणी ओतावं, मणी ओवावे, वाळूत हात घालावेत, गोष्टी ऐकाव्यात, आपल्या बोलीत भरपूर बोलावं आणि आपली बटणं आपण लावावीत. अक्षरं पुढे येतातच. हे सगळं तिला नीट समजलेलं होतं, पण गावाला समजावून सांगायचं म्हणजे डोक्याला ताप होता. गावाच्या लेखी शाळा म्हणजे पाटी, पेन्सिल आणि घरचा अभ्यास. त्यात आता लोणावळ्याची पिवळी व्हॅन गावात यायला लागली होती. टाय लावून व्हॅनमध्ये बसलेलं पोर, काही न करताच, निम्मं शिकलेलं दिसतं.

आणि खरी अडचण घरातच होती. धाकटा दीर पवन आणि जाऊ राजेश्वरी यांचा सत्यम चार वर्षांचा, आणि तो रोज त्याच व्हॅनने जायचा.

राजेश्वरी तळेगावची, हुशार आणि मनाची पक्की. पवन लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टवर काउंटरला होता. मुंबईची माणसं फाडफाड इंग्लिश बोलायची आणि हा "येस सर, येस सर" करत राहायचा. मालकाने एक दिवस काउंटरला दुसरा मुलगा आणून बसवला आणि पवनला मागे स्टोअरला टाकलं. त्या संध्याकाळी पवन जेवला नाही. राजेश्वरीने काय ठरवायचं ते तेव्हाच ठरवलं. यात तिचं चुकलं असं सविताला वाटत नव्हतं, आणि म्हणूनच तिला ते जास्त जड जात होतं.

सत्यम गोठ्यात आला तर गाव येईल, नाही आला तर गोठ्यात परत गाय बांधायची. हे सविताला ठाऊक होतं, नंदाबाईंना ठाऊक होतं आणि राजेश्वरीलाही ठाऊक होतं. त्यामुळे घरात तो विषय कोणी काढत नव्हतं. अमृतने एकदा विचारलं, "मी पवनला सांगून बघू का?"

"नको," सविता म्हणाली. "दटावून आणलेलं पोर मी दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने दाखवू?"

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी थोडे दिवस शाळा चालवून बघायची आणि जूनला पक्की करायची, असं तिने ठरवलं. गुरुवारी सुरुवात, आदल्या दिवशी पालकांची सभा. रविवार ठेवून उपयोग नव्हता. रविवारी निम्मा गाव लोणावळ्यात हॉटेलांवर नाहीतर पर्यटकांच्या गाड्यांमागे असतो.

बुधवारी दुपारी तिने गोठ्यात चटया अंथरल्या आणि त्यांवर पराती मांडल्या. प्रत्येक परातीत पावटा, हरभरा, वाटाणा आणि मसूर असं एकत्र कालवून ठेवलं, शेजारी रिकाम्या वाट्या ठेवल्या. पोरं येतील, दाणे वेगळे करतील, पालक बघतील, मग आपण सांगू की यातून बोटं कशी तयार होतात, डोळा कसा तयार होतो, आणि मोठ्यांनी पोरांचं काम हातातून का काढून घ्यायचं नाही. भाषण तिने घोकून ठेवलं होतं. मग चहाचं आधण ठेवायला ती घरात गेली आणि तिथेच तिचा घात झाला.

सभा चारची होती, पण बायका साडेतीनलाच आल्या. येऊन बसल्या तर समोर कालवलेलं कडधान्य. मावळातल्या बाईच्या समोर कालवलेलं धान्य आहे आणि तिचा हात मांडीवर स्वस्थ आहे, हे होणं नाही. गप्पा मारता मारता त्यांनी सगळ्या पराती निवडून टाकल्या. सविता चहाचे कप घेऊन आली तेव्हा पावटा एकीकडे, हरभरा एकीकडे, असे सुरेख ढीग लागले होते आणि दोनचार खडे निघाले तेही एका कागदावर काढून ठेवले होते.

"कुनी सांडलं गं एवढं?" शेजारच्या लीलाबाई पदराने हात पुसत म्हणाल्या. "पार कालवाकालव झालती. घे, केलं नीट."

"मावशी, ते मीच मिसळलं होतं."

"मुद्दाम?"

"व्हय. पोरांनी निवडावं म्हणून."

"पोरांनी?" लीलाबाईंना तिची कीव आली. "त्यांला दिस पुरल का? आमी हाय की."

सविता कप हातात घेऊन तशीच उभी राहिली. हसावं की रडावं हे तिला कळेना. जे सांगायला तिने एवढं भाषण घोकलं होतं, ते सगळं या बाईने तीन शब्दांत समोर मांडून ठेवलं होतं, आणि ते कोणाच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

"आता परत मिसळा," ती म्हणाली.

एकही हात पुढे आला नाही. निवडलेलं धान्य पुन्हा कालवायचं ही काय रीत झाली? बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, की शिकून शिकून हिचं डोकं फिरलंय.

नंदाबाई दारात बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या, पहिल्या परातीपाशी आल्या, वाकून धान्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग दोन्ही हातांनी सगळे ढीग एक केले. एकामागून एक साऱ्या पराती त्यांनी अशाच कालवल्या. "माज्या सुनंनं सांगितलंय," एवढंच त्या म्हणाल्या आणि जाग्यावर जाऊन बसल्या.

तोवर पुरुषमंडळी आली. त्यांत हनुमंतभाऊ होते. त्यांच्या दोन नाती शाळेच्या वयाच्या होत्या आणि भाऊ जिकडे वळतील तिकडे त्यांची आळी वळायची. राजेश्वरीही सत्यमला घेऊन मागच्या बाजूला येऊन बसली. तो नुकताच व्हॅनमधून उतरला होता, गळ्यात टाय तसाच होता. कोणीतरी कौतुकाने म्हणालं, "म्हन रं बाळा तुजं इंग्लिश." सत्यमने उभं राहून ए पासून झेडपर्यंत न अडखळता म्हणून दाखवलं आणि वर एक कविता म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सवितानेही वाजवल्या.

"ह्यो जातो कुटं शाळंत?" हनुमंतभाऊंनी विचारलं. त्यांना ते माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

"लोणावळ्याला, भाऊ," सविताने सांगितलं.

"तुमच्या घरचंच हितं न्हाई. मग आमी कशाला घालायची?"

"बरोबर आहे तुमचं," सविता म्हणाली. घोकलेलं भाषण तिने सोडून दिलं. "आता आलाच आहात तर एक करा. पोरं परातीपाशी बसतील. मोठ्यांनी हात मांडीखाली घालून बसायचं. मदत करायची नाही आणि सांगायचंही नाही. दुसरा चहा होईपर्यंत."

लोक हसले, पण बसले. हात मांडीखाली दाबून बसलेली मोठी माणसं जरा पाहुण्यांसारखी दिसत होती. पहिल्यांदा लीलाबाईंचा हात सुटला. मग एका बापाने "तो न्हाई, तो बारका," असं म्हणून जीभ चावली. हनुमंतभाऊंची धाकटी नात मसूर एकेक करून टाकत होती आणि भाऊंचे खांदे दर दाण्याला पुढे सरकत होते. एवढ्याशा कामाला एवढा वेळ, हे बघवत नव्हतं कोणालाच.

सत्यमने परातीतून एक पावटा उचलला आणि मागे वळून धरला. "मम्मी, हा कुठे?"

राजेश्वरीचा हात चटकन बाहेर आला. शेजारी बसलेल्या नंदाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"मम्मी, कुठे टाकू?"

राजेश्वरीने हात परत मांडीखाली सरकवला. सत्यमने सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्याला येत नव्हतं असं नाही. विचारल्याशिवाय करायचं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. बराच वेळ तो पावटा चिमटीत घेऊन बसला. मग त्याने तो एका वाटीत टाकला आणि वर बघितलं. कोणी शाबास म्हणालं नाही, कोणी रागावलंही नाही. त्याने दुसरा घेतला. पुढे एक वाटाणा हरभऱ्यात पडला, तो त्याने स्वतःच बघितला आणि उचलून काढला.

त्या वेळी सविताला राजेश्वरीकडे वळून बघावंसं फार वाटलं. तिने बघितलं नाही. त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम तिला तेच गेलं.

चहा झाला, माणसं उठली. हनुमंतभाऊ जाताना "बघू" म्हणाले. औंढ्यात "बघू" म्हणजे नाही. रात्री जेवताना राजेश्वरीने नेहमीसारखं सत्यमला मांडीवर घेऊन भरवलं. सविताने ते बघितलं आणि गाईची चौकशी करावी लागणार असं मनाशी धरून ती झोपली.

सकाळी ती गोठा झाडत होती तेव्हा व्हॅनचा हॉर्न वाजला. रोज व्हॅन वळणावर दिसायच्या आधी सत्यम टाय, बूट, भांग अशा थाटात रस्त्यावर उभा असायचा. राजेश्वरीचे हात फार झपाट्याचे होते. आज रस्त्यावर कोणी नव्हतं. हॉर्न परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा नंदाबाई बाहेर आल्या.

"काय झालं, मावशी?" ड्रायव्हरने विचारलं.

नंदाबाईंनी घरात तोंड करून तेच विचारलं. आतून राजेश्वरीचा आवाज आला, "आई, त्यांना जायला सांगा. त्याचं बटणं लावणं चाललंय."

"किती येळ लागल?"

"माहीत नाही. खालून सुरुवात केलीय."

ड्रायव्हर जरा थांबला. पण त्याला पुढे कार्ल्यापर्यंतची पोरं गोळा करायची होती, एका शर्टासाठी किती थांबणार? व्हॅन निघून गेली. समोरच्या ओट्यांवर तंबाखू मळणारे हात थबकले होते.

घरातून गोठ्यात यायला आतून दार होतं. राजेश्वरी आली ती रस्त्याने, हनुमंतभाऊंच्या ओट्यावरून वळसा घालून, सत्यमला पुढे चालवत. गोठ्याच्या दारात ती थांबली. तिचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरलेले होते.

"ताई, लई वेळ लागला," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आणि इंग्लिशचं मी सोडणार नाहीये, सांगून ठेवते."

"नको सोडूस," सविता म्हणाली. "मलाही येतं थोडंफार."

सत्यमच्या शर्टाचं प्रत्येक बटण एक घर चुकलं होतं. एक बाजू खाली लोंबत होती आणि गळ्याशी एक काजं रिकामं राहिलं होतं. सविता खाली बसली आणि तिचा हात आपोआप त्या बटणांकडे गेला, सफरचंदं पुरी करण्यात साफ असलेला हात.

सत्यमने मान खाली घालून आपल्या शर्टाकडे बघितलं.

"मी लावलंय," तो म्हणाला.

सविताने हात मागे घेतला आणि त्याला आत यायला वाट दिली.