निरोप न धाडणारं फंक्शन

"फाईल रिकामी कशी गो? नोंदी खंय गेल्यो?" आमचा मालक असा ओरडला, की मालवण बंदरातले कावळे उडाले ते थेट गोव्यात उतरले. सोल्डरिंगचा वास आला की ती दुपार मला हटकून आठवते. होडीची वाट नोंदवणारं आमचं यंत्र गिऱ्हाइकासमोर वीज तोडून पुन्हा चालू केलं, तर आत काहीच नव्हतं. त्यातला मायक्रोकर्नल, म्हणजे यंत्राचा गाभा, नुसता निरोप्या; फायली जपणारा प्रोग्रॅम वेगळा, आणि तो माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने लिहिलेला. बाकीच्या प्रोग्रॅमांनी वापरायची तयार फंक्शनं, म्हणजे सी लायब्ररी, माझी. 'नोंद पक्की कर' म्हटलं की लायब्ररीने तिच्या प्रोग्रॅमला निरोप धाडायचा. मी आळसाने तिथे रिकामं फंक्शन ठेवलं होतं. ते निरोप न धाडताच 'झालं' म्हणून मोकळं व्हायचं. मी गप्प राहिलोच, वर "शेठ, हिच्याकडे जेवणाचो डबो ठेवू नकात, तोव रिकामो होतलो!" म्हणून सगळ्यांना हसवलं. मालकाने तिला तिथल्या तिथे कामावरून काढलं. आज तिच्या खुर्चीवर मी बसतो, म्हणून सांगूनच टाकतो: त्या संध्याकाळी कट्टा गावाला जाणाऱ्या एसटीपाशी तिला एकटीला गाठून मी सगळं कबूल केलं. पिशवी सावरत ती म्हणाली, "माझ्या प्रोग्रॅमाक निरोप इलोच नाय, ह्या माका तेव्हाच कळला. तू बोलतंस काय नाय, ताच बघी होतंय."