खालाच्या चिठ्ठीवर काय लिहायचं

मुलांनो, तिकडे तुम्ही जनगणनेचा फॉर्म घरबसल्या फोनवर भरलात आणि मला विचारलंत, आजी, तुमच्या वेळी कसं होतं? क्रमानं सांगते.

माझे वडील, अण्णा, शाळामास्तर होते. मोजणीचं काम मास्तरांवरच पडायचं. आमचीच गल्ली त्यांच्या वाट्याला आली. मी दहा वर्षांची होते. दौत धरून त्यांच्याबरोबर फिरायचे. संस्थानात फौज शिरली त्या पोलीस ॲक्शनला अडीच वर्षं होत आली होती, तरी दारावर थाप पडली की लोक आधी आतून कडी घालत आणि मग ‘कोण?’ विचारत.

आमच्या मागच्या खोलीत खाला भाड्यानं राहायची, कपडे शिवायची. ॲक्शनच्या दिवसांत सोयगावकडच्या एका खेड्यातून ती एकटीच शहरात आली होती. तिचा नवरा त्या गडबडीत घरातून गेला, तो परतलाच नव्हता. कुणी म्हणे पाकिस्तानात आहे, कुणी म्हणे मेला. गळ्यातली काळी पोत मात्र तिनं काढली नव्हती.

मोजणीआधी घरोघरी गेरूनं नंबर घातले. खालानं तिच्या दारावरचा नंबर ओल्या फडक्यानं पुसला. अण्णांनी पुन्हा घातला, तिनं पुन्हा पुसला.

“खाला, माझी नोकरी घालवता का?”

“मास्टरसाब, निशान पडे सो घरां मैं देखी हूं. नक्को.”

खुणा केलेल्या घरांचं तिच्या गावाकडं पुढं काय झालं, ते अण्णांना ठाऊक होतं. आईच म्हणाली, “दाराच्या आतल्या अंगानं घाला की. सरकारला नंबर पाहिजे, तमाशा नाय.” तसाच घातला.

मग मोजणीचा दिवस आला. दर माणशी एक छापील चिठ्ठी. नाव झालं, वय झालं, भाषा झाली. अण्णांनी विचारलं, “शादीशुदा लिहू, का बेवा?”

मशीनचं चाक थांबलं. शादीशुदा म्हणावं, तर नवरा कुठंय म्हणून पोलीस यायचे. बेवा म्हणावं, तर तिच्याच तोंडून तो सरकारी कागदावर मरायचा. एवढं मलाही कळत होतं. तिच्याकडं बघता बघता माझ्या हातातली दौत कलली आणि शाई फरशीवर सांडली.

“कुछ बी नक्को लिखो ना.”

“रिकामं ठेवता येत नाही. तुम्ही सांगाल ते लिहायचं, पुरावा मागायचा नाही, असा नियम आहे.”

तिची बोटं पोतीवर घट्ट आवळलेली. ती बघून मीच बोलून गेले, “अण्णा, शादीशुदा.”

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांनी लिहिलं.

त्यानंतर माझी भूकच गेली. बोलले मी होते. पोलीस आले तर ते माझ्यामुळं. शाळेतून येताना कोपऱ्यावर खाकी दिसली की मी तिथंच थिजायचे, आणि घरात पाऊल टाकताच मशीनचा आवाज येतो का ते आधी ऐकायचे. खालानं मशीन फिरवून दाराकडं तोंड करून मांडलं होतं.

महिने गेले. कुणी आलं नाही. पोलीस नाहीत, आणि तोही नाही.

दहा वर्षांनी पुन्हा मोजणी झाली. मी तेव्हा कॉलेजात होते. अण्णांनी नवा कागद उघडला आणि ते विचारायच्या आत खाला मान वर न करता म्हणाली, “पिछली बार बच्ची जो बोली, वहीच लिखो.”