अकरा कुजके ओंडके

“माझा सात नंबरचा ओंडका कुठाय?” हेलनबाईंनी विचारलं.

मी मोठ्या तोऱ्यात शेडकडे बोट दाखवलं. तिथे नऊ ओंडके उतरत्या मापाने रचले होते. दोन जास्तच कुजलेले, ते ढकलगाडीतच भुगा झाले. ओंडक्यांवरचे नंबरांचे पत्र्याचे बिल्ले उपटून डब्यात ठेवले होते. बाईंनी डब्यात बघितलं आणि मट्‌कन खाली बसल्या.

मी जन्मभर सुतारकाम केलं. शाळा चौथीपर्यंत. म्हातारपणी आम्ही दोघं मुलाकडे ऑकलंडला आलो आणि मागच्या हिवाळ्यात बायको गेली. माउंट रॉस्किलचं घर दिवसभर खायला उठायचं. म्हणून जंगलातल्या ट्रॅकवर, म्हणजे पायवाटेवर, काम धरलं. फांद्या छाटायच्या, चर उपसायचे. साहेब ग्रॅहम. इथे साहेबालाही नावानेच हाक मारतात. माझी जीभ वळायला महिना लागला.

ग्रॅहम म्हणाला होता, “दत्तू, ट्रॅक जरा टायडी कर.” मी दोन दिवसांत जंगलच टायडी, म्हणजे नीटनेटकं, केलं. आमच्या गावात लाकूड पडलं की संध्याकाळपर्यंत चुलीत जातं. इथे ही मोठाली धुडं वर्षानुवर्षं पडून. मला वाटलं, माणसं आळशी.

ग्रॅहम धावत आला. “अरे मेट, दोस्ता, काय केलंस? बारा वर्षांचा अभ्यास होता तो हेलनचा!”

“कसला?”

“लाकूड कसं कुजतं त्याचा.”

“त्यात बघायचं काय? कुजू द्यायचं.”

“तेच करत होतो आम्ही!” बाई ओरडल्या.

मग जरा शांत होऊन त्यांनी समजावलं. पडलेलं लाकूड बुरशी खाते. एका बुरशीने पांढरे तंतू उरतात, दुसरीने तपकिरी चौकोनी तुकडे. मग किडे शिरतात, शेवाळ धरतं, त्यावर नव्या झाडांची रोपं उगवतात. बाई दरवर्षी सुरी खुपसून बघतात, किती आत जाते. त्यावरून लाकडाचा डिके क्लास ठरतो, म्हणजे कुजण्याची इयत्ता. गिऱ्हाइकांच्या चौकटी मी जन्मभर नखाने अशाच तपासल्या. त्याला इयत्ता असते हे माहीत नव्हतं.

ग्रॅहमने मला बाजूला घेतलं. “दत्तू, तू आता घरीच आराम कर.”

घरी कोण आहे? हिच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अजून दाराशी आहेत. दिवसभर त्यांच्याकडेच बघत बसायचं.

“एक दिवस दे,” मी म्हणालो. “सगळे जागेवर ठेवतो.”

“ओळखशील कसे?”

“सुतार आहे मी.”

ओंडका वर्षानुवर्षं पडून असतो तिथे जमिनीला त्याच्या अंगाचा खळगा पडतो. ओंडक्याची खालची बाजू काळी, ओली असते. इथल्या रिमू झाडाचं लाकूड लालसर नि घट्ट, टावा झाडाचं फिकं नि लवकर पोकळ होणारं. गाठ नि बाक बघत एकेक ओंडका त्याच्या खळग्यात बसवला. बिल्ले बाईंचे जुने फोटो बघून ठोकले. उरलेल्या चार आणि सहा नंबरचा भुगा गोळा करून त्यांच्या खळग्यांत नेऊन ओतला.

बाईंनी सगळं तपासलं. मग वहीत बराच वेळ लिहीत बसल्या.

“काय लिहिलंत?”

“चार आणि सहा नंबर. कुजण्याचं कारण: दत्तू.”

ग्रॅहम इतका हसला की मला घरी पाठवायचं राहूनच गेलं. आता तो कामाच्या कागदावर ‘फक्त ट्रॅक’ असं लिहून खाली दोन रेघा मारतो. सुरी खुपसायला मात्र बाई मलाच बोलावतात.

ओंडके परत मांडले त्या संध्याकाळी मुलाने विचारलं, “बाबा, आज काय केलंत?”

“कचरा होता तसा पसरून आलो. साहेब खूश.”

झाडू हातात घेण्याआधी एवढंच विचारावं, कचरा कुणाचा आहे.