भाताच्या वाफ्यातले टोमॅटो

पेरणीनंतर दहाव्या दिवशी हिराबाई मावशींच्या वाफ्यात भाताची रोपे बोटभर उंच झाली होती. त्यांच्यासोबत टोमॅटोही उगवले होते. एक हात लांब, एक हात रुंद अशा तुकड्यात मी एकोणतीस मोजले आणि मोजणे थांबवले. कडेला कलिंगडाचे दोन वेल होते आणि एक पपई.

मावशी बांधावर उभ्या होत्या. डोक्यावर खताच्या रिकाम्या गोणीची खोळ, पाय चिखलात.

"म्याडम," त्या शांतपणे म्हणाल्या, "मी भात पेरलं व्हतं."

ते टोमॅटो माझे होते. म्हणजे माझ्या शेडमध्ये तयार झालेल्या खतातून आले होते.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि कचरा व्यवस्थापनाच्या एका कंपनीत प्रोजेक्ट ऑफिसर आहे. लोणावळ्यातल्या एका भागातील घरे, बंगले आणि लहान हॉटेले यांचा ओला कचरा आमच्याकडे येतो. त्याचे खत करण्याची शेड बेडशाच्या लेण्यांच्या अलीकडे एका गावात, गायरानाच्या कडेला आहे. गावाने एका वर्षापुरती ना-हरकत दिली होती. ती वाढवायची की नाही, हे पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरणार होते. गाव नाही म्हणाले असते, तर शेड बंद झाली असती, कचरा पुन्हा डेपोच्या डोंगरावर गेला असता आणि शेडमध्ये काम करणाऱ्या, वरच्या वाडीतल्या अकरा बायका घरी बसल्या असत्या. कंपनीच्या पुढच्या, नव्या शेडवरची माझी नेमणूकही त्याच ठरावावर अवलंबून होती. हे लपवण्याचे कारण नाही. मला ती हवी होती.

गावाचा विश्वास मिळवण्याचा सर्वांत सरळ मार्ग मला दिसला तो राबाचा. मावळात भाताची रोपे करण्याआधी जमीन भाजतात. वाफ्यावर शेण, झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात ते सावकाश जाळायचे. हा राब. त्यासाठी डोंगरावरची झाडे दरवर्षी छाटली जातात आणि फांद्यांचे भारे बायका डोक्यावरून खाली आणतात. मी शाळेच्या वर्गात प्रोजेक्टर लावून बैठक घेतली. राबात शेणातले नत्र धुरावाटे निघून जाते, आमच्या खतात ते टिकते, असे तक्त्यासह सांगितले. लोकांनी ऐकून घेतले. प्रश्न एकट्या हिराबाई मावशींनी विचारला.

"आन् तणाचं काय? राब भाजला की जमिनीतलं बी मरतं. तुमचं खत काय करनार?"

मी आत्मविश्वासाने सांगितले, "मावशी, आमचे खत तयार होताना पासष्ट डिग्रीपर्यंत तापते. त्यात एकही बी जिवंत राहत नाही."

हे उत्तर मला आज अचूक आठवते, कारण ते दोन प्रकारे चुकीचे होते. मावशींनी जमिनीतल्या बियांबद्दल विचारले होते आणि मी खतातल्या बियांबद्दल बोलले होते. म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले, आणि तेही बरोबर नव्हते. मावशींनी मात्र आपल्या चार वाफ्यांपैकी दोन वाफ्यांवर राब न भाजता आमचे खत घातले. दोन वाफे म्हणजे त्यांच्या खाचरांपैकी निम्म्या खाचरांची रोपे. ती बिघडली असती, तर निम्मी खाचरे पडीक राहिली असती, कारण लावणीच्या ऐन दिवसांत शेजारीपाजारी उसनी रोपे मिळणे कठीण असते.

वाफ्यावरूनच मी पुण्याला आमच्या रीजनल मॅनेजरना फोन लावला.

"किती लोकांनी पाहिलंय?" त्यांनी विचारले.

"सर, वाफा रस्त्याला लागून आहे."

"मग रिपोर्टमध्ये पक्ष्यांचं लिहा. पक्षी बिया टाकतात. सायंटिफिक आहे ते."

"सर, एवढे पक्षी एका वाफ्यात बसायला जागा नाही."

मग त्यांनी तणनाशक फवारण्याचा मार्ग सुचवला. बोटभर भातावर आणि त्याच उंचीच्या टोमॅटोवर फवारताना रोपे वाचतील याची खात्री मला देता येणार नव्हती. एकदा चुकीची खात्री देऊन झाली होती. मी नको म्हटले, आणि निंदणीसाठी शेडमधल्या चार बायका चार दिवस लागतील असे कळवले.

"आणि शेड कोण चालवणार?"

"बाकीच्या सात जणी. पाचवी निंदायला मी स्वतः आहे."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाच जणी वाफ्यात बसलो. मी पहिलेच टोमॅटो उपटले, तेव्हा त्याच्या मुळांना गुंतून भाताची तीन रोपे बाहेर आली. मावशींनी माझा हात धरला. डाव्या हाताच्या दोन बोटांनी रोपाजवळची माती दाबायची आणि उजव्या हाताने तण तिरके ओढायचे, तेही माती पुरती भिजलेली असतानाच. मग कामाची वाटणी झाली.

"टमाटं तुमी काडा. गवत मी बगते," मावशी म्हणाल्या. "गवत आन् भात सारकंच दिस्तंय. तुमाला त्यातलं कळायचं न्हाई."

गवत खरोखरच होते आणि त्याचा आमच्या खताशी संबंध नव्हता. ते जमिनीतले होते. राब भाजलेल्या शेजारच्या दोन वाफ्यांत ते जवळजवळ नव्हतेच. शाळेतल्या त्या प्रश्नाचे उत्तर असे डोळ्यांसमोर उगवलेले होते.

ग्रामपंचायतीचे एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांना सगळे आबा म्हणतात, रोज सकाळी त्या रस्त्याने डेअरीत दूध घालायला जात. ते किटली खाली ठेवून थांबत.

"काय म्याडम, टमाट्याची लागन का? बेस केलंत. लोनावळ्याच्या हाटेलात सॉस लय लागतो."

तिसऱ्या दिवशी त्यांनी कलिंगड कधी तोडणार असे विचारले. बायका हसल्या. मी खाली मान घालून दोन बोटांनी माती दाबत राहिले.

निंदताना एकच प्रश्न डोक्यात होता. खत पासष्ट डिग्रीपर्यंत तापले होते. नोंदी माझ्याकडे होत्या, आणि त्या खऱ्या होत्या. मग बिया जगल्या कशा?

उत्तर शेवंताने दिले. ती शेडची मुकादम आहे आणि निंदणाऱ्या चौघींपैकी एक होती. औपचारिक शिक्षण चौथीपर्यंत, पण ढिगातून निघणाऱ्या वाफेच्या वासावरून पाणी कमी की जास्त ते सांगते. मी तिला तापमानाचे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "ताई, मदी तापतंय वो. कडंला कुटं तापतंय? कडंला आपला काळ्या झोपतो."

काळ्या हा शेडवरचा कुत्रा. हिवाळ्यापासून तो रोज ढिगाच्या पायथ्याला अंग मुडपून झोपत असे आणि मला त्याचे कौतुक वाटत असे.

"पासष्टवर झोपला अस्ता का त्यो?" शेवंता म्हणाली. "भाजून निगाला अस्ता."

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. ओला कचरा, सुका पाला आणि भाताचे तूस मिसळून आम्ही त्याचे पुरुषभर उंच, लांबट ढीग लावतो. त्याला विंड्रो म्हणतात. आतले जीवाणू कचरा खाताना उष्णता निर्माण करतात. ती ढिगाच्या पोटात साठते. बाहेरचा थर मात्र हवेने थंड राहतो. म्हणून ढीग पुन्हा पुन्हा परतायचा असतो, म्हणजे बाहेरचे आत जाते आणि प्रत्येक घासाला पोटातली उष्णता मिळते. पंधरा दिवसांत निदान पाच वेळा परतावे, असा नियम आहे. एप्रिल-मेमध्ये सुट्ट्यांमुळे लोणावळ्यातून येणारा कचरा वाढला. सोमवारी तर पिकून फुटलेल्या टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट येत. त्याच काळात ढीग परतणारा लोडर नालेसफाईसाठी बाहेर गेला. ढीग दोनदाच परतले गेले. मला ते माहीत होते. पण थर्मामीटर पासष्ट दाखवत होता, म्हणून मी निश्चिंत राहिले.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी शेडवर गेलो. एक मीटर लांबीचा थर्मामीटर मी मध्यभागी खुपसला. त्रेसष्ट. मग काळ्याला उठवले आणि त्याच्या जागी वीतभर आत खुपसला. अडतीस. टोमॅटोच्या बीला याहून सुखाची जागा मिळाली नसती. काळ्या बाजूला उभा राहून आम्ही जागा कधी सोडतो याची वाट पाहत होता.

माझ्या नोंदवहीत तापमानासाठी एकच रकाना होता, 'मध्यभाग'. तो तक्ता मीच तयार केला होता.

रिपोर्टमध्ये मी हे सगळे लिहिले: दोनदा परतणे, एक रकाना, अडतीस डिग्री. पक्षी लिहिले नाहीत. सरांनी तो वाचून फोन केला. हे तुमच्या अप्रेझलमध्ये जाईल, एवढेच म्हणाले. मी हो म्हटले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही वाफे स्वच्छ झाले. रोपे राबाच्या वाफ्यांपेक्षा थोडी विरळ होती, पण रंगाने गडद होती. लावणीला मावशींनी सर्व खाचरे भरली. शेवटच्या खाचरात रोपे कमी पडली. तिथे त्यांनी दोन चुडांमधले, म्हणजे रोपांच्या जुड्यांमधले, अंतर वाढवले आणि कुणाकडे मागायला गेल्या नाहीत. उपटलेल्या टोमॅटोंपैकी पाच-सहा धट्टीकट्टी रोपे मात्र त्यांनी फेकू दिली नाहीत. पत्र्याच्या आडोशाला, पावसाचा मारा लागणार नाही अशी लावली.

ग्रामसभेत माझा विषय सातवा होता. मी स्लाइड नेल्या नव्हत्या. काय चुकले ते पाच मिनिटांत सांगितले, आणि पुढे ढीग पाच वेळा परतल्याशिवाय व कडेसह चार ठिकाणी तापमान मोजल्याशिवाय खत बाहेर जाणार नाही असे सांगितले.

आबा उठले. "मोजनार तुमी, लिवनार तुमी. आमी काय म्हनून खरं मानायचं?"

प्रश्न रास्त होता. मागून हिराबाई मावशी बोलल्या, बसल्या जागेवरूनच.

"आबा, तिचं खत पसरा एका ट्रेमदी. पानी घाला. धा दिस ठिवा देवळाच्या पाराव. उगवलं तर उगवलं. त्याला काय मोजायला लागतंय?"

"आन् उगवलं तर?"

"तर न्या माघारी. चुकली पोरगी. पन चार दिस वाफ्यात बसून निंदलं तिनं. लोडरवालं कुनी आलं व्हतं का निंदायला?"

आबांनी माझ्याकडे पाहिले. किटली नसल्यामुळे की काय, ते जरा अवघडलेले दिसत होते. ठराव एका अटीवर मंजूर झाला: खताची प्रत्येक बॅच आधी पारावर दहा दिवस राहील आणि ट्रेला पाणी आबा घालतील. ही अट त्यांनी स्वतःच घातली.

माझ्या क्षेत्रात या चाचणीला लांबलचक नाव आहे आणि प्रयोगशाळेत ती बंद कपाटात करतात. पारावर ती जास्त कडक होते, कारण येणारा-जाणारा प्रत्येक जण परीक्षक असतो. पहिल्या ट्रेमध्ये सातव्या दिवशी एक मिरची उगवली. आबांनी मला फोन करून बोलावून घेतले आणि ती बोटाने दाखवली. ती बॅच परत ढिगात गेली. पुढच्या दोन ट्रेंमध्ये काही उगवले नाही. आबा अकराव्या दिवशीही पाणी घालत होते. त्यांना अजून आशा होती.

या वर्षी मे महिन्यात मावशींनी मला बोलावून आपली नवी रीत दाखवली. डोंगरावरची एकही फांदी तोडली नव्हती. अंगणातला पालापाचोळा, थोडे शेण आणि तूस यांचा पातळ राब त्यांनी चारही वाफ्यांवर भाजला, जमिनीतल्या बियांसाठी. आणि त्यावर चार बोटे जाडीचा आमच्या खताचा थर, रोपांच्या पोटासाठी. माझ्या प्रोजेक्टरवर या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. वाफ्यात त्या एकीवर एक निवांत बसल्या. गावातल्या आणखी सात घरांनी तसेच केले आहे. रोपे वर आली आहेत. सोबत कुणी नाही.

नव्या शेडवरची माझी नेमणूक जवळजवळ वर्षभर उशिरा झाली. तिथल्या तक्त्यात तापमानाचे चार रकाने आहेत आणि मध्यभाग सर्वांत शेवटी आहे. थर्मामीटर खोटे बोलत नाही. तो जिथे खुपसला तिथलेच सांगतो, आणि कुठे खुपसायचा हे त्याला कळत नाही. काळ्या हल्ली जुन्या शेडच्या पायरीवर झोपतो. ढीग दर तिसऱ्या दिवशी हलत असल्याने तिथे त्याची सोय राहिलेली नाही. त्याची नोंद मी ठेवत नाही, पण त्या शेडवर गेले की आधी तो कुठे आहे ते पाहते.