आईच्या हातची घट्ट पेज

माझ्या धाकट्या बहिणीला मायक्रोसेफली आहे. जन्मापासून तिचं डोकं लहान, मेंदूची वाढ कमी. ती बोलत नाही, स्वतःहून बसत नाही. हसते मात्र खूप. आमच्या काळाचौकीच्या चाळीत तिचं हसणं चार खोल्यांपलीकडे ऐकू जातं.

मी बारावीत होतो त्या हिवाळ्यात तिला पुन्हा न्यूमोनिया झाला. याआधीही दोनदा झाला होता. परळच्या इस्पितळातून घरी सोडायच्या दिवशी आईने मला कोपराने ढोसलं. "तू शिकतोस ना, इचार त्यांना. किती वर्षं?"

घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी कसंबसं विचारलं. डॉक्टर बाईंनी बहिणीच्या छातीला नळी लावून पुन्हा एकदा ऐकलं.

"डोक्याच्या मापावरून वर्षं सांगता येत नाहीत," त्या म्हणाल्या. "अशा मुलांना खरा धोका असतो तो आकडीचा आणि छातीचा. हिची छाती सारखी का भरते, ते मला कळायला हवं. ती जेवते काय?"

आई लगेच पुढे झाली. तिला या प्रश्नाचं उत्तर पक्कं माहीत होतं. "पेज देते. उकड्या तांदळाची. एकदम पातळ, गाळून. मांडीवर आडवी घेऊन."

आमच्या कोकणात आजारी माणसाला पातळ पेजच देतात, ती हलकी म्हणून. पोर जितकी अशक्त, तितकी आई पेज पातळ करत गेली होती. डॉक्टर बाईंनी गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या ताईंना बोलावलं. त्यांनी दोन चमचे भरवून बघितले, मग अगदी हळू आवाजात सांगितलं, "आई, पातळ पेज घशात थांबत नाही. थोडी थोडी छातीत उतरतेय. घट्ट करा, आणि तिला बसवून भरवा."

मला वाटलं, आता आई रडेल. तिने घरी येऊन पदर खोचला आणि पातेलं चढवलं.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. बहीण तोंड मिटून घ्यायची. एकेका जेवणाला तास जायचा. शेजारच्या काकी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काय गो, पोरीला सिमेंट खायला घालतेस काय?"

"व्हय, पाया पक्का करतंय," आई म्हणाली. काकी हसल्या. नंतर त्यांनीच माळ्यावरची जुनी लाकडी खुर्ची आणून दिली. मी खुर्चीला उशा बांधल्या, मान सावरायला टॉवेलची गुंडाळी केली. आई शिजलेला भात पेजेतच घोटायची, चमचा तिरका करून बघायची. थेंब गळला की पुन्हा घोटायची.

त्यानंतर दोन हिवाळे गेले. बहिणीला पुन्हा इस्पितळात ठेवावं लागलं नाही. आकडी अजून येते, औषधं चालू आहेत, आणि डॉक्टर बाई आजही कसलं वचन देत नाहीत. मी आता दादरला बीएस्सी करतो. वाचतो त्यातलं सगळं कळतंच असं नाही. पण माझी बहीण आज आहे ती कशामुळे, हे मला कोणी विचारलं तर मी न अडखळता सांगू शकतो.

मागच्या महिन्यात ओपीडीत त्या ताईंनी आईला विचारलं, "या नवीन आईंना दाखवाल का, तुम्ही कसं भरवता ते?" ठाकूरद्वारची एक बाई लहान बाळ घेऊन आली होती, फार घाबरलेली. आई आधी लाजली. मग तिने डबा उघडला आणि बहिणीला खुर्चीत सरळ बसवलं. "बघ गो, हनुवटी जराशी खाली. चमचा वरून नाय, समोरून. आणि घाई नाय करायची. तिने गिळलं की गळा हलतो, तो बघायचा."

ती बाई वाकून गळा बघत होती. मीही बघत होतो, रोज बघतो तरी. घास उतरला. आई त्या बाईला पुढचं सांगण्यात गुंतली, तशी बहिणीने खुर्चीच्या दांड्यावर दाणदाण हात आपटला.

"थांब गो महाराणी," आई म्हणाली, "देतंय, देतंय."