रिकामी परतणारी गाडी

लोणावळ्याला हवा खायला जाणारी माणसं परतताना जांभळं आणतात, करवंदं आणतात, निदान अंगावर थोडं मांस तरी आणतात. आम्ही दरवर्षी फक्त किस्से आणले. ते आणायला हमाल लागत नाही, म्हणून नानांची त्याला हरकत नव्हती.

आमचा कंपू लहान होता. पुण्यातल्या एकाच शाळेत शिकवणारे आम्ही तिघे मास्तर: भूगोलाचे नाना, ड्रॉइंगचे बापू आणि मी. शिवाय नानांच्या राधावहिनी आणि माझी पत्नी सुशीला. बापू एकटेच होते, पण जागा दोघांची लागे. दुसरी लढाई सुरू होण्याआधी काही वर्षं आम्ही दर मे महिन्यात लोणावळ्याला जात असू. खर्च सामायिक, कारभार नानांचा.

हवापालट खरं म्हणजे सुशीलेसाठी. तिला दमा होता. तिचं माहेर कोकणात, आणि तिथली दमट हवा डॉक्टरांनी मना केलेली. कुरवंडे गावाच्या पुढं कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण पसरलेलं दिसतं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. “उतरायला नको. नुसतं वरून बघीन,” ती म्हणायची.

तेवढं चालण्याचा दम तिच्यात नव्हता. टांगा हवा होता. आणि टांगा म्हटलं की नाना आडवे येत!

*

पहिल्या वर्षी सामानाचा प्रश्न निघाला. सामान वजनात बसेना. जास्तीचं भाडं भरणं नानांना मंजूर नव्हतं. मग त्यांनी फर्मान काढलं, “कपडे ट्रंकेत कशाला? अंगावर घाला!”

भर मे महिन्यात आम्ही तीन-तीन सदरे आणि वर कोट घालून पुणे स्टेशनात शिरलो. बापूंच्या कोटाखाली स्टोव्ह होता. टिकीट कलेक्टरनं आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं.

“हे काय?”

“आम्हाला थंडी वाजते,” नाना म्हणाले.

“मे महिन्यात?”

“म्हणून तर हवापालटाला चाललोय!”

*

लोणावळ्यात बिऱ्हाड महाग. नानांनी शेजारच्या कुसगावात एका शेतकऱ्याच्या गोठ्याला लागून असलेली पडवी घेतली. मी कुरकुरलो, तर म्हणाले, “लोणावळ्याची हवा कुसगावात शिरताना काय जकात भरते?”

घरमालकांना सगळे आबा म्हणत. त्यांची म्हैस आणि आम्ही यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती, आणि तिला भोक होतं. दुसऱ्याच दिवशी म्हशीनं त्या भोकातून तोंड घालून बापूंची नवी गवती हॅट खाल्ली.

बापू रडकुंडीला आले. नाना तडक आबांकडं गेले. मला वाटलं, भरपाई मागणार. नाना म्हणाले, “आबा, आज तुमच्या म्हशीनं आमचं खाल्लंय. तेवढा तुमचा चारा वाचला. भाड्यातून वजा करा!”

आबांनी शांतपणे चंची उघडली. “करतो की. पन हॅट खाल्ल्यापासनं तिनं दूद कमी दिलंय, मास्तर. त्ये कुनाच्या नावावर घालू?”



*

एका वर्षी राधावहिनींनी हट्ट धरला की एक दिवस तरी चांगल्या जागी बसून चहा प्यायचा. नाना आम्हाला एका मोठ्या बंगल्यात घेऊन गेले. फाटकावर ‘विकणे आहे’ अशी पाटी होती. नानांनी माळ्याला ऐटीत सांगितलं, “बंगला बघायचाय.”

माळ्यानं खुर्च्या मांडल्या, सरबत आणलं, मागून चहाही आला. आम्ही दिवस मावळेपर्यंत व्हरांड्यात बसलो. निघताना माळ्यानं पत्ता विचारला, आणि बापूंनी भोळेपणानं खरा सांगितला!

दुसऱ्या दिवशी कोट-टोपीतला एक दलाल कुसगावात हजर. नाना तेव्हा आबांच्या म्हशीला पाणी दाखवत होते.

“बंगला घेणारे शेठ कुठं उतरलेत?”

नाना जरासुद्धा दचकले नाहीत. म्हणाले, “शेठना बंगला पसंत नाही. त्याला गोठा नाही.”

*

पण नानांचं खरं शास्त्र होतं ते रिकाम्या गाड्यांचं. सकाळी मावळातल्या गाड्या गवत, लाकूडफाटा घेऊन लोणावळ्याच्या बाजारात येत आणि दुपारनंतर रिकाम्या परतत. परतणारा गाडीवान मिळेल त्यात खूश असतो, हा नानांचा शोध. त्यामुळं आम्ही कुठंही जायचो ते परतणाऱ्या गाडीतून. रस्त्यानं मोकळी गाडी जाताना दिसली की नाना कळवळत. “बघा, बघा! नुसती हवा घेऊन चाललाय!”

“नाना, कुरवंड्याला जायचंय हो,” सुशीलेनं आठवण केली.

“वहिनी, गाडी ठरलीच समजा!”

गाडी ठरली. गाडीवान आधी मिठाला थांबला, मग चाकाची लोखंडी धाव बसवायला लोहाराकडं थांबला, मग सासुरवाडीला थांबला. तिथं त्यानं जेवण उरकलं. कड्यावर पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि धुकं चढलं होतं. समोर हात दिसेना.

“दरी कुठं आहे?” सुशीलेनं विचारलं.

“हितंच हाय की, बाई,” गाडीवान म्हणाला. “फुडं पाऊल टाकू नका म्हंजे झालं!”

*

त्याच्या पुढच्या वर्षी मीच चिडून म्हटलं, “आपण दोघं टांगा करून जाऊ.” सुशीला म्हणाली, “सगळ्यांना पायी ठेवून आपण टांग्यात? बरं दिसतं का?”

शेवटी नानांना टांगा मान्य करावा लागला. पण ठरवणार ते! सकाळी स्टेशनाबाहेर घासाघीस सुरू झाली. जातानाचं भाडं जमलं, परतीच्या भाड्यावर अडलं. नानांचं म्हणणं, तू परत येणारच आहेस, मग आमचे पैसे कसले? टांगेवाल्यानं पानं खाल्ली, घोड्याला चंदी घातली. ऊन डोक्यावर आलं.

“मास्तर,” टांगेवाला म्हणाला, “येवड्या येळात माजं घोडं एकलंच जाऊन, दरी बगून आलं असतं!” आणि दुसरी सवारी घेऊन निघून गेला.

सुशीला इतकी हसली की तिला ढास लागली. मला मात्र हसू येईना. मी नानांना काही बोलणार, तोच तिनं माझी बाही धरली.

“राहू द्या हो. पुढच्या वर्षी जाऊ.”

त्या पौषात ती गेली.

*

पुढच्या मे महिन्यात मी येत नव्हतो. बापूंनी माझी ट्रंक परस्पर भरली.

कुसगावात दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या दारात टांगा उभा राहिला. तोच टांगेवाला, शेजारी नाना. टांगेवाल्यानं मला बाजूला घेतलं. “मास्तरांची तब्येत बरी हाय न्हवं? भाव केला न्हाई त्यांनी. जान्यायेन्याचं समदं आदीच देऊन टाकलं!”

आम्ही चौघं दाटीवाटीनं बसून कुरवंड्याला गेलो. हवा स्वच्छ होती. कड्यावरून सगळं कोकण दिसत होतं. बाकांवरच्या पोरांना एकेक नदी पाठ करायला लावणारे नाना टोपी काढून उभे राहिले. राधावहिनी पदर डोळ्यांना लावून बसल्या. 

मग नाना टांग्याकडं गेले. “तू नीघ आता. आम्ही चालत येतो.”

“चालत?” बापूंनी आपल्या गुडघ्यांकडं बघितलं.

“आवो, येन्याचं भाडं दिलंय न्हवं तुमी?” टांगेवाला म्हणाला.

“दिलंय. म्हणूनच नीघ.”

“बरं. वाटंत कुनी सवारी गावली तर घिऊ?”

“कुणाला बसवायचं नाही.”

टांगेवाल्यानं माझ्याकडं बघितलं.  त्यानं लगाम झटकला. टांगा थोडा पुढं गेला, आणि नाना मागून ओरडले, “वाटेत चढ आहे. तिथं हळू हाक. दम लागतो.”

“माज्या घोड्याला? न्हाई लागत, मास्तर!”

“हळू हाक म्हटलं ना!” नाना खेकसले.