बाजाराच्या दिवशी चालणारं मशीन

धाडमध्ये माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, एक गाळा, मागच्या भिंतीला काश्मीरचा पडदा आणि काश्मीरसमोर एक प्लास्टिकची खुर्ची. मोबाईल आल्यापासून हौसेचा फोटो काढायला कुणी येत नाही. येतात ते पासपोर्ट फोटोवाले, आणि लग्नाच्या जुन्या कॅसेटा पिशवीत घालून आणणारे. कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची, व्हीसीआरची वायर कॉम्प्युटरमधल्या कॅप्चर कार्डाला जोडायची, लग्न कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं आणि पेनड्राइव्हवर द्यायचं. मी गिऱ्हाइकाला हे एवढ्याच सोपेपणानं सांगतो आणि तिथूनच माझे भोग सुरू होतात.

"जयभीम भाऊ," म्हणत एक मावशी आल्या त्या दिवशी मी असंच सांगितलं. कॅसेट त्यांच्या लेकीच्या लग्नाची होती. लेक रोहिणखेडला दिलेली. मावशींचे मालक एस.टी.त कंडक्टर होते, घरातसुद्धा "पुढं सरका" याच सुरात बोलायचे. हा माणूस जन्मात एकदाच नाचला, तोही लेकीच्या लग्नात. नवरदेवाची वरात दारात आली आणि मुलीचा बाप असून तोच बँडसमोर घुसला. मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता नातीचं लग्न निघालं होतं आणि हळदीच्या दिवशी मांडवात पडदा लावून आजोबांचा नाच दाखवायचा, असं मावशींच्या मनात होतं.

"तिनं आजाले पाह्यलंच नाही भाऊ. मी सांगते थे तिले खरं वाटत नाही. म्हणते, फोटोत तं आबा भांडाले निघाल्यासारखे दिसतेत."

"होऊन जाईन मावशी," मी म्हणालो.

मावशी गेल्यावर कॅसेट लावली आणि हुशारी करून सरळ नाचावरच आणली. मालक दिसले. डोक्यावरची टोपी गेलेली, रुमालाचं एक टोक हातात, आणि चेहरा असा स्वच्छ की समोरचे दात मोजता यावेत. हसत होते. तेवढ्यात कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला, त्यावर तोंड पाडलेला एक चेहरा आला, त्याखाली इंग्रजीत माफी, आणि सगळं बंद.

आमच्याकडे कॉम्प्युटरला काहीही झालं तरी इलाज ठरलेला आहे. शेजारचा मोबाईल दुकानवाला तो सांगतो. "रॅम काढ आन् खोडरबरनं घास." घासली. कॅसेट मागं घेतली, नाच लावला, निळा पडदा. "गरम होऊन राह्यलं असन." डबा उघडा करून टेबल फॅन लावला. कॅसेट मागं, नाच, निळा पडदा. विजेवर संशय घेतला, घरचा इन्व्हर्टर उचलून आणला. बायको म्हणाली, "आता मलेही तिकडंच नेऊन जोडा." कॅसेट मागं, नाच, निळा पडदा.

शेवटी शेजाऱ्यानं ब्रह्मास्त्र काढलं. "फॉरमॅट मार." मारलं. सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकली, कार्डासोबत आलेल्या जुन्या सीडीवरून कार्डाचा ड्रायव्हर टाकला. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्या. तो चुकीचं बोलला की दोघांची मारामारी होते. "आता नेट जोडून दे," शेजारी म्हणाला, "बाकीचं थे आपल्या मनानं घेते." मी माझ्या फोनचं नेट जोडून दिलं. पुन्हा निळा पडदा. मी पुन्हा फॉरमॅट मारलं, पुन्हा सीडी, पुन्हा नेट. हे इतक्यांदा केलं की मला फक्त कंटाळा यायचा उरला होता, राग कधीच संपला होता. त्या तोंड पाडलेल्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हणायचो, बाबा, तुझं दुःख काय ते तरी सांग.

बाजाराच्या दिवशी मावशी आल्या. नुकतंच फॉरमॅट झालेलं, सीडी टाकून नेट जोडलेलं मशीन समोर होतं. भाजीची पिशवी पायाशी ठेवून त्या कोपऱ्यातल्या खोक्यावर बसल्या.

"पयल्यापासून लाव. मी बसते इथंच."

लावलं. हळद सुरू झाली. बायका गात होत्या, लेक लाजत होती, मावशी प्रत्येकाची ओळख सांगत होत्या. मशीन चालू. पंखा नाही, इन्व्हर्टर नाही, तरी चालू. मधेमधे मावशी रोहिणखेडला फोन लावत होत्या. "लागतच नाही मेला."

"बाजाराच्या दिवशी रेंज नसते मावशी. एवढी माणसं येतेत, सगळ्यांच्या हातात फोन."

हळद संपली तरी मशीन चालूच. मी मनात मावशींना नमस्कार केला. बाईंचा पायगुणच म्हणायचा. यापुढं प्रत्येक कॅसेटीला यांना बोलावून खोक्यावर बसवायचं, इथपर्यंत माझा विचार गेला. बाहेर बाजार उठत होता, जीपवाले "बुलडाणा, बुलडाणा" ओरडत होते. पडद्यावर बँड वाजू लागला. मावशी पुढं सरकल्या.

आणि त्यांचा फोन वाजला. रोहिणखेडहून लेक बोलत होती. त्याच घटकेला पडदा निळा.

"अगं बाई. हे तोंड पाडून कोण बसलं?"

मी त्यांच्या फोनकडे पाहत होतो, मग माझ्या फोनकडे. रेंज आली होती. रेंज आली की माझ्या फोनमधून नेट कॉम्प्युटरात जात होतं. मशीन पुन्हा चालू करून पाहिलं, तर सीडीवरचा ड्रायव्हर गायब आणि त्याच्या जागी नेटवरून आलेला कोरा करकरीत नवा. माझं जुनं कार्ड त्या नव्याला मानत नव्हतं. पहिल्या निळ्या पडद्याच्या आधीही हेच झालं असणार. मी रोज म्हाताऱ्या दुभाष्याला आणून बसवत होतो आणि रोज माझ्याच हातानं दार उघडून त्याच्या जागी पोरगा घुसू देत होतो. शेजारी खरंच बोलला होता, ते आपल्या मनानं घेत होतं.

फोनचं नेट बंद केलं. जुना ड्रायव्हर टाकला. कॅसेट नाचावर आणली.

मशीन नीट चाललं. पण पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात नुसत्या मुंग्या होत्या. खाली पाय नाचत होते, रुमाल हलत होता, वर चेहऱ्याच्या जागी पांढरी काळी खरखर. बटणं फिरवली, व्हीसीआरचं हेड पुसलं. काही नाही.

"हे असंच होतं का पयलेपासून?" मावशींनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "फीत घासली. तेवढाच तुकडा घडीघडी चालवला मी."

"मंग हेच काऊन घासून राह्यला होता बाप्पा? तुह्यापाशी दुसरी कॅसेट नोहती का?"

मावशी ज्या खोक्यावर बसल्या होत्या, त्यात कॅसेटाच होत्या. आमच्याकडे लोक लग्नाच्या दोन प्रती सांगतात आणि एकच नेतात. दुसरी माझ्याकडे वर्षानुवर्षं पडून. मशीन तपासायला त्यातलं कुठलंही लग्न चाललं असतं. मी खोक्याकडे पाहिलं. मावशींनीही वाकून पाहिलं.

मग म्हणाल्या, "तू पाह्यला होता चेहरा?"

"हाव."

"हासून राह्यले होते?"

"हाव मावशी. दात दिसत होते."

"समोरचे?"

"समोरचे."

"मंग खरंच हासले म्हणायचे." त्यांनी पिशवी उचलली. "हळदीले हे असंच लाव. आन् वरचं तू उभा राहून सांग. माह्यं तिले खरं वाटत नाही, तुह्यं वाटन."

हळदीच्या दिवशी मी मांडवात पडद्याशेजारी उभा राहिलो. पडद्यावर पाय नाचत होते. पिवळ्या अंगाची नात पाटावरून माझ्याकडे पाहत होती. मी घसा खाकरला आणि सांगितलं.

"जोरात सांग बे, बँड चालू हाये!" मागून कुणीतरी ओरडलं.

मी पुन्हा सांगितलं, ओरडून. हसत होते. दात दिसत होते.